खरचटलेलं भरलं, भोक चिघळलं: कंबरमोडीच्या वापराचं एक प्रकरण

बोलावणं आलं ते कुत्र्यासाठी. रात्रीत तीनदा ओकला, तोंडातून सारखी लाळ गळतेय, पाण्याजवळ जातो आणि न पिता परत फिरतो, एवढंच फोनवर कळलं. पोचलो तेव्हा कुत्रा सावलीला पडून होता आणि त्याच्या पलीकडे खुंट्याला बांधलेली एक शेळी तीन पायांवर उभी होती. मागचा उजवा पाय तिनं उचलून धरलेला, मांडीभोवती फडकं गुंडाळलेलं. मी आधी तिच्याकडे वळलो तर आजींनी थांबवलं.

"शेळीचं काय नाय डॉक्टर, तिला पाला लावलाय, ती बरी हाय. तुम्ही कुत्र्याचं बघा."

त्या वाक्यामुळेच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. शेळीला आणि कुत्र्याला एकच पाला लावला होता, लावणारे हातही तेच होते. शेळीच्या मांडीवरचा एक भाग त्या पाल्यानं उत्तम भरला होता, त्याच मांडीवर चार बोटं खाली तोच पाला तिच्या जिवावर उठला होता, आणि कुत्र्याचं दुखणं तर वेगळ्याच वाटेनं आलं होतं. वनस्पती औषधी आहे की विषारी, एवढाच प्रश्न विचारून या तीन गोष्टींपैकी एकीचाही उलगडा होत नाही.

पाला कोणता

वाटलेला हिरवा लगदा पाहून वनस्पती ओळखता येत नाही. पाट्यावर गेला की सगळाच पाला सारखा. म्हणून जनावरांना हात लावण्याआधी मी आजींना न वाटलेला पाला दाखवायला सांगितलं. त्यांनी टोपली पुढे केली. पाला कंबरमोडीचा होता. एकदांडी आणि दगडी पाला ही तिचीच नावं. जमिनीसरपट पसरणारी, पानं समोरासमोर, कडा दातेरी, पानाला आणि देठाला खरखरीत लव. मधूनच वीतभर उंच बारीक दांडी वर येते आणि तिच्या टोकावर एकच फूल असतं. फुलाचा मध्य पिवळा, भोवती मोजक्याच फिकट पाकळ्या आणि त्या प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलेलं. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती आज जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत तण म्हणून उगवते. प्रोकंबेन्स म्हणजे जमिनीवर पसरणारी. या शब्दाकडे पुढे परत यायचं आहे.

टोपली मी पुरती उपसली. तळाशी गाजरगवताची दोनतीन पानं होती आणि घाणेरीचा एक कोवळा शेंडा. गाजरगवताचं पान कातरलेलं असतं, ते नीट पाहिलं तर चुकत नाही. घाणेरीचं कोवळं रोप मात्र घाईत फसवतं. त्याचीही पानं समोरासमोर, दातेरी आणि खरखरीत. फरक कळतो तो खोडावरून, कारण घाणेरीचं खोड चौकोनी असतं आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. गाजरगवतानं कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. घाणेरी शेळीच्या पोटात गेली तर प्रकरण फार गंभीर होतं. तिच्यातल्या लॅन्टाडीन या विषानं यकृतातून पित्त बाहेर पडायचं थांबतं, मग उन्हात उभं राहिल्यावर अंगावरची उघडी कातडी भाजल्यासारखी सोलते. इथे त्या एका शेंड्यानं काही झालं नव्हतं. पण ती टोपली शेळीच्या तोंडाला लागेल अशी खुंट्याशेजारीच ठेवलेली होती, म्हणून मी ती आधी उचलून लांब ठेवली.

कंबरमोडी जखमेवर का लावतात याला आधार आहे. तिच्या पानांत फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन वर्गातली द्रव्यं सापडली आहेत. टॅनिनमुळे वरचा थर आकसतो आणि पाझर कमी होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत जखम भरून यायला तिच्या अर्काची मदत झाल्याच्या नोंदी आहेत. मात्र प्रयोगात अर्क गाळलेला आणि मोजलेला असतो, आणि जखम स्वच्छ हत्यारानं केलेली, उघडी आणि उथळ असते. कुंपणाच्या गंजक्या तारेनं केलेली जखम तशी नसते.

तीन दिवसांत काय घडलं

आजींकडून आणि त्यांच्या नातवाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं असं. मी गेलो त्याच्या तीन दिवस आधी संध्याकाळी शेळीनं काटेरी तारेच्या कुंपणावरून उडी मारली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला लांबलचक ओरखडा आला, आणि त्याच्या खालच्या टोकाला तारेचा काटा आत रुतून बसला होता तिथे भोक पडलं. ओरखड्यातून रक्त वाहत होतं. भोकातून थेंबच आले होते, म्हणून त्याची कुणाला फारशी काळजी वाटली नाही. आजींनी तांब्याभर पाणी ओतलं, गोठ्यामागे उगवलेली कंबरमोडी मूठभर तोडली, दगडावर ठेचली, रस ओरखड्यावर पिळला आणि उरलेला चोथा भोकात बोटानं दाबून भरला. वरून फडकं बांधलं. रक्त थोड्याच वेळात थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तेच. संध्याकाळी वाटलेला पाला उरला, तो वाटीत झाकून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोच लावला. हे आजींनी सहज सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. वाटलेला ओला पाला उबदार हवेत रात्रभर राहिला की त्यात जंतू कितीतरी पटींनी वाढतात. सकाळी शेळीच्या मांडीवर ते सगळं गेलं.

तिसऱ्या दिवशी गोठ्यामागचा पाला संपला. नातू शेताच्या बांधावरून टोपलीभर घेऊन आला. त्याच सुमारास कुत्र्याच्या पुढच्या पायाला कशानं तरी खरचटलं होतं, तर त्यालाही तोच पाला वाटून लावला. फडकं बांधलं नाही, कारण कुत्रा ठेवूच देत नव्हता. त्यानं तो सगळा पाला चाटून साफ केला. आजींना त्यात वावगं वाटलं नाही. चाटतोय म्हणजे त्याला कळतंय, असं त्या म्हणाल्या. रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या.

कुत्रा

कुत्र्याचं तापमान १०१.८ फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्याला जितकं असायला हवं तितकंच. हिरड्या गुलाबी. जिभेवर किंवा गालाच्या आत फोड अथवा भाजल्याच्या खुणा नाहीत. पोट दाबल्यावर थोडा कळवळला, श्वास नीट चालू होता. ओकलेल्यात हिरवा लगदा दिसला होता, असं नातू म्हणाला.

नुसत्या पानांच्या लगद्यानंही कुत्र्याला ओकारी होते, ते नेहमीच पाहतो. पण इतकी लाळ आणि पाण्याजवळ जाऊन मागे फिरणं मला खटकलं. मी नातवाला विचारलं, बांधावर फवारणी कधी झाली? तो गप्प झाला. आदल्याच दिवशी झाली होती. "पण पाला तर हिरवागार होता," तो म्हणाला.

इथेच बहुतेकजण फसतात. वनस्पतीच्या अंगात भिनून काम करणारं तणनाशक पानावर पडल्यावर पान लगेच करपत नाही. ग्लायफोसेट मारलेलं तण दोनचार दिवस, गार किंवा ढगाळ हवेत त्याहूनही जास्त, तसंच टवटवीत दिसतं. काल फवारलेला आणि कधीच न फवारलेला पाला शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. मी डबा आणायला लावला. लेबलवर ग्लायफोसेट होतं, आणि मला खरंच हायसं वाटलं. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक असतं तर बोलणं वेगळं झालं असतं. ते तोंडाची आणि घशाची आतली त्वचा जाळतं, काही दिवसांनी फुप्फुसं घट्ट होत जातात आणि त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेटच्या तयार द्रावणात पानाला चिकटून राहण्यासाठी साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. कुत्र्याला लाळ आणि ओकारी बहुतेक वेळा त्यामुळे होते. पाल्याचा नमुना मी कुठे तपासून घेतला नाही. लक्षणं, ती सुरू व्हायची वेळ आणि डब्यावरचं नाव यांवरून मी हा अंदाज बांधला.

उपचार साधे होते. पाय साबण लावून भरपूर पाण्यानं दोनदा धुतला. तोंड ओल्या फडक्यानं आतून पुसलं. त्याला ओकायला मुळीच लावलं नाही, कारण फेसाळणारं द्रव्य ओकताना श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. ओकारी थांबवायचं इंजेक्शन दिलं, काही तास खाणं बंद, पाणी थोडं थोडं. गळ्यात फनेलसारखी कॉलर अडकवली. पायाच्या खरचटण्यावर काहीही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून चालत होता. त्याची बाजू इथे संपली.

शेळी

फडकं सोडलं तेव्हा मला आधी जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओरखडा सुंदर भरत होता. आठ सेंटिमीटर लांब, कडा स्वच्छ, वर कोरडी खपली, सूज नाही, वास नाही. तीन दिवसांत याहून चांगली खपली मलमानंही धरली नसती. आजींच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं होतं.

त्याच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, पेन्सिल जाईल एवढं भोक होतं आणि त्यात वाळून टणक झालेलं हिरवट काळं बूच बसलं होतं. भोवतीची मांडी गरम, ताणलेली, हात लावताच शेळी ओरडली. तापमान १०४.६. शेळीचं साधारण १०१.५ ते १०३.५ असतं. आदल्या दिवसापासून चाऱ्याला तोंड कमी लावत होती, रवंथही मंदावला होता. बुचाच्या ओलसर कडेला बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. माशीची अंडी साधारण दिवसभरात फुटतात, म्हणजे माशी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बसून गेली असणार. पावसाळी दमट हवा आणि पाझरानं भिजलेलं फडकं, तिला आणखी काय हवं?

बूच चिमट्यानं काढलं आणि मागोमाग पू आला, कुजका वास आला. चिमटा तीन सेंटिमीटर आत गेला. आत पाल्याचा चोथा होता, तपकिरी झालेला, तंतू तंतू सुटलेला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्यानं, २० मिलीलिटरच्या सुई नसलेल्या सिरिंजनं आत धार मारत राहिलो. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी लागलं. दहाव्या-बाराव्या सिरिंजलाही पाल्याचे धागे निघत होते. लवदार पानाचा ठेचलेला चोथा मांसाला असा चिकटून बसतो की धुऊन काढणं म्हणजे कापसातून कुसळं वेचणं. अळ्या एकेक करून वेचल्या. शेवटी पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून आतून धुतलं. भोक बुजवलं नाही, शिवलं नाही. तोंड उघडं राहावं म्हणून गॉजची पट्टी सैल ठेवली आणि भोवती माशा येऊ नयेत म्हणून मलम लावलं. पेनिसिलिन सुरू केलं, दुखणं आणि सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं.

मग धनुर्वाताचं विचारलं. लस कधीच दिलेली नव्हती.

मला खरी भीती या गोष्टीची होती. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणालेंड्यांत वर्षानुवर्षं टिकून राहतात. शेळी, मेंढी आणि घोडा या जनावरांना हा रोग फार लवकर धरतो, कुत्र्याला त्या मानानं क्वचित. बीजाणू उघड्या ओरखड्यावर पडले तर तिथे हवा असते, ते रुजत नाहीत. खोल, अरुंद, हवा न लागणाऱ्या भोकात, मेलेल्या मांसाच्या आणि पुवाच्या सोबतीला ते जागे होतात आणि विष सोडू लागतात.

आता त्या प्रोकंबेन्सकडे येतो. कंबरमोडीची दांडी उभी वाढते, पण पानं जमिनीला लागून असतात. पावसाच्या प्रत्येक सरीत त्यांच्यावर माती उडते, आणि लवेत ती अडकून बसते. आजींनी तोडलेली कंबरमोडी तर गोठ्यामागची, जिथे लेंड्या आणि मूत वाहून जातं. ती मूठभर पानं न धुता ठेचून भोकात भरली म्हणजे गोठ्याची माती भोकात भरली आणि वरून बूच लावलं. हवा बंद, ओल आत, खायला मेलेलं मांस. धनुर्वाताला याहून सोयीची जागा मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही. आणि पानं उकळून घेतली असती तरी खात्री नव्हती. हे बीजाणू घरातल्या साध्या उकळीला दाद देत नाहीत.

धनुर्वाताचं प्रतिविष टोचलं, ते लगेच संरक्षण देतं पण थोडेच आठवडे पुरतं. दुसऱ्या जागी लसही टोचली, तिचं काम उशिरा सुरू होतं आणि टिकतं. मग तीन आठवडे रोज काय पाहायचं ते नातवाला दाखवलं: कान ताठ उभे राहणं, शेपूट वर ताणलेली, जबडा उघडायला त्रास, चालताना पाय लाकडासारखे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे येणं. यातलं एकही दिसलं तर अर्ध्या रात्रीही फोन करायचा. शेळी दुभती होती. पेनिसिलिनच्या कुपीवर दिलेले दिवस उलटेपर्यंत तिचं दूध घरात वापरायचं नाही, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर आजी जरा नाराज झाल्या, पण ऐकलं.

आजींशी झालेलं बोलणं

सगळं आवरून हात धूत होतो तेव्हा आजी शेजारी येऊन बसल्या. "पाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय व्हय, डॉक्टर? माझ्या सासूपासनं लावतोय आम्ही."

मी म्हटलं, "खरचटलं तिथं तुमचा पाला बरोबर होता, आजी. मीही बघून खूश झालो. भोक बुजवलंत तिथं घोटाळा झाला."

"मग रक्त कसं थांबवायचं भोकातलं?"

हा प्रश्न फार चांगला होता. बहुतेक लोक भोकात काहीतरी कोंबतात ते यासाठीच. भोकाचं रक्त बाहेरून स्वच्छ फडक्याचा घट्ट दाब देऊन, घड्याळ लावून पाच-सात मिनिटं हात न उचलता थांबवायचं. मधेच उघडून बघायचं नाही. भळाभळा वाहत असेल, दाब काढला की उसळत असेल, तर दाब तसाच ठेवून पशुवैद्याला बोलवायचं. भोकातून थोडं रक्त ओघळणं तर फायद्याचंच असतं, आतली घाण बाहेर येते. आजींना हे पटलं. पण मला आणखी एक गोष्ट बोलायची होती, आणि ती पटवायला वेळ लागला.

पाला वापरूच नका, असं मी त्यांना म्हटलं नाही. तसं बजावलं तर लोक डॉक्टरांसमोर हो म्हणतात आणि मागे तेच करतात, फक्त मग सांगत नाहीत. आजींनी रात्रीच्या वाटीची गोष्ट सहज सांगितली म्हणून मला कळली. ती लपवावी लागली असती तर मी पुवाचं कारण दुसरीकडेच शोधत बसलो असतो. म्हणून आम्ही मिळून ठरवलं की कंबरमोडी कुठे आणि कशी चालेल.

आधी जखम मिठाच्या पाण्यानं धुवायची, आणि धुताना ती उथळ आहे की खोल हे बोटाला लागलं पाहिजे. उथळ ओरखडा, वरचीच कातडी सोललेली, कडा भिडलेल्या, तर पाला चालेल. तळ दिसत नसेल तर चालणार नाही, मग भोक कितीही बारीक असो. कासेवर आणि सडांवर नाही, करडू तोंड लावतं. डोळ्याजवळ नाही. भाजल्यावर नाही. सांध्याजवळच्या जखमेवर तर कुणीही काहीही घालू नये, सांध्यात जंतू गेले की पाय जातो.

चाव्यावर कधीच नाही. हे मी आजींकडून दोनदा म्हणून घेतलं. कुत्रा, मांजर, कोल्हा, कशाचाही चावा असो, त्यावर पाला लावणं म्हणजे रेबीजच्या विषाणूला वेळ देणं. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची, धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. धुणाऱ्या माणसाच्या हाताला चीर असेल आणि लाळ लागली असेल तर त्यानंही लगेच डॉक्टर गाठायचा. चावा लहान दिसतो, रक्त चटकन थांबतं आणि पाल्यानं थांबलं असं वाटतं, तेच सगळ्यांत फसवं.

पाला तोडायचा तो रस्त्याकडेचा, बांधावरचा, गोठ्यामागचा किंवा कुत्री मुततात तिथला नको. स्वतःच्या नजरेखालची, कुणी फवारणार नाही अशी एक जागा ठरवून ठेवायची. फूल पाहून तोडायचं, तीन दात्यांची पाकळी दिसली पाहिजे. पानं एकेक सुटी करून दोनतीन पाण्यांतून धुवायची. लागेल तेवढंच ठेचायचं, चोथा नाही तर स्वच्छ फडक्यातून पिळलेला नुसता रस लावायचा आणि उरलेला टाकून द्यायचा. हा रसाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चोथा चिकटतो, ओल धरतो आणि माशीला बसायला जागा देतो, रस लवकर वाळतो. कंबरमोडी गाजरगवताच्याच कुळातली, आणि त्या कुळातल्या वनस्पती एखाद्या जनावराला सोसत नाहीत. म्हणून पहिल्यांदा लावताना केस विरळ असतील अशा ठिकाणी थेंबभर लावून दिवसभर पाहायचं. दोन दिवसांत जखम कोरडी पडली नाही, सूज चढली, वास आला किंवा जनावरानं चारा सोडला, तर पाला थांबवायचा.

कुत्र्याला लावायचं असेल तर वाळेपर्यंत त्याला चाटू द्यायचं नाही, आणि ते जमणार नसेल तर लावायचंच नाही. त्या घरात मांजर नव्हतं, तरी सांगून ठेवलं. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, आणि कितीतरी रसायनं निकामी करण्याची जी वाट कुत्र्याच्या किंवा माणसाच्या यकृतात चालू असते ती मांजराच्या यकृतात फार अरुंद असते. माणसाला सोसणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते ती याचमुळे. मांजराच्या जखमेवर मी मिठाच्या पाण्यापलीकडे घरचं काहीच सुचवत नाही.

"आणि पोटात दिला तर?" आजींनी विचारलं. शेळ्या चरताना कंबरमोडी खातात, सशांनाही ती चारा म्हणून घालतात, त्यात चिंता नाही. मूठभर पानं इतर चाऱ्यात खाणं आणि भांडंभर काढा करून नरड्यात ओतणं यांत मात्र फार अंतर आहे. काढ्यात किती काय उतरलं हे कुणी मोजलेलं नसतं, आणि घाईनं ओतलेला काढा श्वासनलिकेत जाऊन शेळ्या मेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून मी नाही म्हटलं. गाभण शेळीला तर नक्कीच नाही.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी शेळीचं तापमान १०३.२ वर आलं आणि तिनं पाय टेकला. रोज एकदा सिरिंजनं भोक धुवायचं काम नातवानं घेतलं. पहिल्या दोन दिवसांत आणखी थोडे हिरवट धागे निघाले, तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ परत आलं. पाचव्या दिवशी मी पाहिलं तेव्हा पू थांबला होता आणि भोक तळातून लालसर दाणेदार मांसानं वर भरत येत होतं. बाराव्या दिवशी ते बंद झालं. ओरखड्यावर तोवर केस उगवायला लागले होते, आणि आजी तो मला बोट ठेवून दाखवत होत्या. एकविसाव्या दिवसापर्यंत कान, जबडा, चाल, सगळं व्यवस्थित राहिलं. ते तीन आठवडे मला फार जड गेले, हे कबूल करतो.

लसीचा दुसरा डोस द्यायला चार आठवड्यांनी गेलो. पाण्याच्या टाकीशेजारी चार दगड लावून आखलेला हातभर तुकडा होता आणि त्यात कंबरमोडीला दांड्या आल्या होत्या. कुत्रा धावत आला. त्याच्या कानाच्या टोकाला ताजी खरचटलेली जागा होती, धुतलेली, वर काहीच लावलेलं नाही. मी म्हटलं, "आजी, कान तर त्याला चाटता येत नाही. इथे थोडा रस चालला असता."

"कान नाय चाटता येत," त्या म्हणाल्या, "पण पायानं खाजवतो की. आन मग पाय चाटतो."

हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मी शेळीला लस टोचली, आणि त्यांनी नातवाला तारखेची नोंद करायला सांगितलं.